अभयारण्यातील कीटकांचे मॅक्रो छायाचित्रण : डोळा स्पष्ट, पंख पुसट, आणि तोडलेल्या फांदीविषयी एक प्रश्न

करवंदजाळी

मंचावरील सर्वांना नमस्कार. गेली दोन वर्षे मी फुलपाखरे, कोळी, चतुर आणि टाचण्या (चतुराच्या नात्यातले बारीक कीटक) यांची छायाचित्रे काढते आहे. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आकाराने लहान सेन्सर असलेला, साधा डीएसएलआर कॅमेरा, अगदी जवळून मोठे चित्र काढणारी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आणि कॅमेऱ्यावर बसणारा एक जुना फ्लॅश आहे. घराजवळच्या बागेत बरी चित्रे मिळतात. मात्र गेल्या ऑक्टोबरमध्ये एका गटाबरोबर रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्यात गेले, तेव्हा दिवसभरात साडेतीनशेच्या वर चित्रे काढूनही ठेवण्याजोगी जेमतेम चार निघाली.

माझ्या अडचणी अशा आहेत. कीटकाच्या डोळ्यावर फोकस केला की पंख आणि पाय पुसट येतात. सगळेच स्पष्ट यावे म्हणून अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले छिद्र एफ/३२ पर्यंत लहान केले, तर काहीच पुसट नाही पण काहीच धारदारही नाही, असे मऊ चित्र मिळते. फ्लॅश वापरला की भर दुपारी काढलेल्या चित्रातही मागची बाजू काळीकुट्ट दिसते, आणि भुंगेऱ्यांच्या पाठीवर पांढरा डाग पडतो. शिवाय मी वाकायला लागले की अर्धे कीटक उडूनच जातात.

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो आहे. फणसाडमध्ये माकडलिंबाच्या एका झुडपात, बऱ्याच आत, नीलवंत फुलपाखराचा कोष आमच्यातल्या एकाला दिसला. तिथे उजेड कमी होता आणि पुढे काटेरी फांद्या होत्या. गट घेऊन आलेल्या गृहस्थांनी ती डहाळी तोडली, वाटेकडेच्या खडकाच्या फटीत उभी खोचली, आणि आम्ही अकरा जणांनी रांगेने त्या कोषाची छायाचित्रे काढली. मीही काढली. निघताना डहाळी तिथेच राहिली. मी विचारले तेव्हा, एका कोषाने जंगलाचे काय बिघडते, असे उत्तर मिळाले. मला त्या वेळी काही बोलता आले नाही, पण ते चित्र मी अजून कोणाला दाखवलेले नाही. अशा वेळी नियम नेमका काय सांगतो, आणि अनुभवी मंडळी काय करतात, हे जाणून घ्यायचे आहे. प्रवेशद्वारावर कॅमेऱ्याचे शुल्क भरले म्हणजे आत हवे ते करण्याची परवानगी मिळाली, असा अर्थ होतो का?

टाचणी

तुमच्या पहिल्या भागातील बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे : कीटक जितका मोठा टिपायला जावे तितकी स्पष्टतेची जाडी कमी होत जाते, आणि ही जाडी आपल्याला वाटते त्यापेक्षा फारच कमी असते. तुमच्या क्रॉप सेन्सरवर १:१ प्रमाणात, म्हणजे कीटक जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटेल अशा रीतीने, एफ/११ वर चित्र काढले तर स्पष्ट दिसणारा पट्टा एक मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी जाडीचा असतो. माशीचा डोळा त्यात मावतो, तिचा पंख मावत नाही. एफ/३२ ने हा प्रश्न सुटत नाही, कारण १:१ प्रमाणावर लेन्सचे परिणामी छिद्र दुपटीने लहान होऊन एफ/६४ सारखे वागते, आणि एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. तुम्हाला दिसलेला मऊपणा तो हाच. क्रॉप सेन्सरवर १:१ ला मी एफ/११ च्या पुढे जात नाही; फारच गरज पडली तर एफ/१३.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे हावरेपणा कमी करणे. तोच कीटक निम्म्या प्रमाणात टिपला, तर एफ/११ वरच स्पष्ट पट्टा जवळजवळ तिप्पट, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या वर जातो. नंतर चित्र कडेने कापून घेता येते. आजच्या कोणत्याही कॅमेऱ्यात तेवढी सवड असते. दुसरा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. कॅमेऱ्याची पाठ आणि कीटकाचे अंग समांतर धरायला शिकावे. टाचणी पंख मिटून अंगालगत धरते. तिचे सगळे शरीर एका सुईसारखे सरळ असते. तुम्ही बरोबर बाजूने, सुईला समांतर बसलात तर डोळ्यापासून शेपटाच्या टोकापर्यंत सगळे एकाच पातळीत येते, आणि कॅमेरा जरासा तिरका झाला की अर्धे शरीर विरघळते. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराचेही तसेच आहे. मी आधी गुडघ्यावर बसतो, डोळा त्या पातळीला आणतो, आणि मग कॅमेरा उचलतो. त्या क्रमाने केल्यावर हुकलेल्या चित्रांची संख्या निम्म्याने कमी झाली.

ऑटोफोकस बंद ठेवा. प्रमाण आधी ठरवून फोकसची कडी तिथेच सोडा, आणि स्वतःच्या शरीराने हळूच पुढेमागे झुकत डोळ्यावर फोकस आणा. कोपर गुडघ्यावर टेकवले, किंवा काठी उभी धरून तिला लेन्सचा आधार दिला, की हे झुकणे आवाक्यात येते.

काळी पार्श्वभूमी येते याचे कारण फ्लॅशच्या प्रकाशाची ताकद अंतराच्या वर्गाने घटते. कीटक फ्लॅशपासून १५ सेंटिमीटरवर असेल आणि मागची झाडी दीड मीटरवर, तर झाडीला कीटकाच्या शंभराव्या भागाइतकाच प्रकाश मिळतो. त्यामुळे एकतर मागे वीतभर अंतरावर एखादे पान असेल अशा कोनातून बसावे, किंवा आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ४०० ते ८०० पर्यंत वाढवून आणि शटर १/१६० सेकंदाच्या आसपास ठेवून जंगलातला नैसर्गिक उजेडही चित्रात येऊ द्यावा. भुंगेऱ्याच्या पाठीवरचा पांढरा डाग हे उघड्या फ्लॅशचे प्रतिबिंब आहे. प्रकाशाचा स्रोत कीटकाच्या मानाने मोठा आणि जवळ असला की तो डाग पसरून मवाळ होतो. वस्तूंच्या वेष्टनातून येणारा पातळ पांढरा फोम किंवा बटर पेपरचे दोन थर पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणून लेन्सच्या टोकापर्यंत आणले, तरी काम होते. माझा डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश पसरवणारा पडदा, तसाच घरी केलेला आहे आणि पाच पावसाळे टिकला आहे.

कीटक उडण्याविषयी माझा अनुभव सांगतो. दिवसा फ्लॅशने उडालेले कीटक मी फार थोडे पाहिले; सावली अंगावर पडल्याने, झुडूप हलल्याने आणि आपल्या श्वासाने उडालेले असंख्य पाहिले. सकाळी ऊन तापण्याआधी जावे. फुलपाखराला उडण्यासाठी अंग गरम करावे लागते, म्हणून सकाळी ते पंख पसरून उन्हात बसते आणि आपल्याला जवळ येऊ देते. ओल्या मातीवर क्षार शोषणारी, म्हणजे चिखलपान करणारी फुलपाखरे सोंड मातीत असेपर्यंत बरीच सहनशील असतात. चतुराच्या मागे कधीच धावू नये. तो उडाला तर जागीच बसून राहा, कारण अनेक जातींचा नर आपली ठरलेली काडी राखतो आणि पुन्हा पुन्हा तिथेच येऊन बसतो. शक्य असेल तर लेन्सचे हूड (टोकाला लावलेले सावलीचे कडे) काढा. १:१ ला १०० मिलिमीटरच्या लेन्सच्या टोकापासून कीटकापर्यंत साधारण वीतभरही अंतर उरत नाही, त्यातले दोन-तीन बोटे हूडच खाते.

एक प्रसंग लिहितो, कारण जवळून पाहणे म्हणजे काय हे मला त्यातून कळले. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाने शिवून घरटे करणाऱ्या लाल मुंग्या, ज्यांना कोकणात ओंबील म्हणतात, त्यांची रांग मी टिपत होतो. एक मुंगी रांगेपासून हातभर दूर एकटीच फिरत होती. घरी पडद्यावर मोठी करून पाहिली तेव्हा तिला आठ पाय होते. पुढचे दोन पाय तिने मिशांसारखे वर धरले होते, डोक्यावर मुंगीच्या डोळ्याच्या जागी काळा ठिपका होता, आणि समोरून पाहिले तर उडी मारणाऱ्या कोळ्याचे ते दोन मोठे गोल डोळे माझ्याकडेच रोखलेले होते. तो ओंबिलीचे सोंग घेणारा कोळी होता. या जातीच्या नराचे जबडे इतके लांब पुढे आलेले असतात की एक मुंगी दुसऱ्या मुंगीला तोंडात धरून निघाली आहे असे वाटते. रांगेत मिसळायला तो सहसा जात नाही, कारण खऱ्या ओंबिली त्याला सोडणार नाहीत. पुढच्या रविवारी मी तिथेच तीन तास बसलो तेव्हा कुठे नर दिसला.

कोषाविषयी मला जे वाटते ते पाणकातळ अधिक नेमकेपणाने सांगतील, म्हणून थांबतो.

पाणकातळ

करवंदजाळी, तुम्ही हे उघडपणे लिहिलेत, याबद्दल आभार. मी उभयचरांच्या नोंदी करण्याच्या कामात काही वर्षे आहे, त्यामुळे कायद्याचा भाग आधी सांगते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही, आणि कलम २८ मध्ये कोणकोणत्या कारणांसाठी परवानगी देता येते त्यांत छायाचित्रणाचा उल्लेख आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्या उल्लेखाला अट जोडली गेली : अधिवासात कोणताही बदल न करता आणि अधिवासावर किंवा वन्यजीवांवर विपरीत परिणाम न करता केलेले छायाचित्रण. म्हणजे परवानगी मिळते ती या अटीसह मिळते. कलम २९ तर अभयारण्यातील वन्यजीव नष्ट करणे, हलवणे किंवा त्यांच्या अधिवासाची हानी करणे यालाच मनाई करते. आता कोणी म्हणेल की वन्यजीव म्हणजे बिबट्या आणि शेकरू. तसे नाही. या कायद्यातील प्राण्याच्या व्याख्येत अपृष्ठवंशीय, म्हणजे कीटकांसारखे पाठीचा कणा नसलेले, जीव येतात, त्यांची पिल्ले आणि अंडीही येतात, आणि वन्यजीव या शब्दात अधिवासातील वनस्पतीही येते. त्यामुळे डहाळी आणि कोष, दोन्ही कायद्याच्या कक्षेत होते. प्रवेशद्वारावरची पावती याला उत्तर होऊ शकत नाही.

कायदा बाजूला ठेवून त्या कोषाचे पुढे काय झाले असेल ते पाहू. नीलवंताच्या कोषाचे शेपटाकडचे टोक डहाळीवर विणलेल्या रेशमाच्या गादीत बारीक आकड्यांनी अडकवलेले असते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा असतो. अळी कोषात जाण्यापूर्वी जागा निवडते : आडोसा, सावली, ओलावा, आणि बाहेर पडल्यावर लटकायला मोकळी जागा. कोषाचा रंगही भोवतालच्या रंगाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी होतो, म्हणूनच तो तुमच्यातल्या दहा जणांना दिसला नव्हता. डहाळी उघड्या खडकावर खोचली की ही सगळी निवड एका क्षणात रद्द होते. हिरवा कोष करड्या दगडावर कोणत्याही पक्ष्याला लांबून दिसतो, तोडलेली काडी वाळून आकसते, ऊन थेट अंगावर येते. यातून वाचून फुलपाखरू बाहेर आलेच, तरी त्याचे पंख तेव्हा ओले आणि चुरगळलेले असतात. त्याला लगेच वर चढून लटकावे लागते, शरीरातला द्रव पंखांच्या शिरांत भरून ते ताठ करावे लागतात. आधार कोसळला, तर पंख वाकडेच वाळतात आणि ते कधीच उडत नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये याच फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. देशात असा निर्णय घेणारे आपले पहिले राज्य.

अकरा जणांना उजेड हवा होता, तर प्रत्येकाने एक पांढरा पुठ्ठा किंवा चंदेरी कागद आणला असता आणि झुडपाच्या कडेने आत परावर्तित केला असता. पुढची काटेरी फांदी सुतळीने काही मिनिटे बाजूला धरता येते आणि नंतर सोडता येते. तरीही चित्र मिळत नसेल, तर त्या दिवशी ते चित्र नाही.

बेडकांच्या बाबतीत हीच चूक मी दर पावसाळ्यात पाहते. मलबार उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचे घरटे करतो. काही दिवसांनी भैकेर, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्ले, त्या फेसातून सुटून थेट खालच्या डबक्यात पडतात. छायाचित्रासाठी कोणी ते पान ओढून वाटेकडे वळवले, आणि ते परत जागेवर गेले नाही, तर घरट्याखाली पाणी उरत नाही. सगळे भैकेर कोरड्या जमिनीवर पडून मरतात. घरटे मात्र बाहेरून अगदी शाबूत दिसते. त्यामुळे ज्याने पान ओढले त्याला आपण काही बिघडवले हे कधी कळतही नाही.

आंबोलीचा तर वेगळा उल्लेख करावा लागेल. तिथला भेक २००९ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या नोंदवला गेला आणि तो आंबोलीच्या परिसराबाहेर आढळत नाही. त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. पहिल्या पावसात जांभ्या कातळावर जी बोट-दोन बोटे खोल डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. ज्या डबक्यात आपण नीट बसता यावे म्हणून सहज पाय ठेवतो, नेमके तेच ते डबके असते. रात्री त्या कातळावर मी पाऊल टाकण्याआधी विजेरी पायांजवळ फिरवते आणि मगच टाकते. शिवाय डासांसाठी किंवा जळवांसाठी हाताला लावलेले मलम, तंबाखूचे पाणी, जंतुनाशक जेल, यांतले काहीही अंगावर असताना बेडकाला स्पर्श करू नये. त्याची कातडी पाणी आणि वायू शोषून घेते, तसेच रसायनही शोषते. खरे तर स्पर्श करण्याचे कारणच नसते. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाताना बुटांचा चिखल धुऊन, बूट वाळवून जावे, कारण बेडकांचे बुरशीजन्य रोग ओल्या मातीबरोबरही प्रवास करतात.

कीटक फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणे, त्यांच्यावर पाणी फवारून दवाचा आभास करणे, गोगलगायीवर बेडूक बसवणे, हे सगळे मी छायाचित्रणात धरत नाही. गट नेणाऱ्याने सुरुवातीलाच सांगावे की येथे काहीही तोडले, उचलले किंवा हलवले जाणार नाही. तो सांगत नसेल तर आपण विचारावे. तुम्ही विचारलेत, ते योग्यच केलेत.

वैनगंगाकाठ

ताई, वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. आमच्या विदर्भाच्या बाजूची थोडी भर घालतो. नागझिरा किंवा ताडोबा येथे गाभा क्षेत्रात सफारीच्या गाडीतून खाली उतरता येत नाही, त्यामुळे तिथे मॅक्रो करू म्हणून कोणी आले तर त्याची निराशा होते. गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रात वनविभागाने आखलेल्या पायवाटा असतात. तिथे स्थानिक मार्गदर्शक घेऊन चालत जावे. तो मार्गदर्शक वाघाचा माग ओळखतो तसा भुंगेऱ्याचे बीळही ओळखतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

ज्यांच्याकडे मॅक्रो लेन्स नाही त्यांनी थांबू नये. जुनी ५० मिलिमीटरची, हाताने छिद्र फिरवता येणारी लेन्स उलटी बसवण्याची कडी काही शे रुपयांत मिळते, आणि क्रॉप सेन्सरवर ती साधारण १:१ च्या जवळ नेते. झूम लेन्स असेल तर रेनॉक्स डीसीआर-२५० सारखे पुढे लावायचे भिंग घ्यावे. ते ८ डायॉप्टरचे आहे, म्हणजे कीटकापासून सुमारे १२ सेंटिमीटरचे अंतर कायम राहते. २५० मिलिमीटरवर प्रमाण १:१ च्या दुप्पट होते. मी तीन वर्षे तेवढ्यावरच काम केले.

मृग लागला आणि पहिली सर पडून गेली की आमच्याकडे मृगाचा किडा निघतो. लालभडक, मखमलीसारखा, तांबड्या काळ्या मातीवर रांगणारा. त्याला किडा म्हणतात, पण पाय मोजले तर आठ भरतात. तो गोचीड आणि कोळी यांच्या नात्यातला आहे. तो टिपताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक म्हणजे एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने कमी ठेवावे, कारण हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाही लाल रंगाची वाहिनी भरून गेलेली असते आणि मखमलीचे केस नाहीसे होऊन नुसता लाल गोळा उरतो. दुसरी, कॅमेरा जमिनीवर ठेवण्यासाठी तांदूळ भरलेली कापडी पिशवी न्यावी. वरून काढलेला मृगाचा किडा टिकलीसारखा दिसतो. मातीला गाल लावून काढला तर त्याचे पुढचे दोन पाय चाचपडत पुढे येताना दिसतात. तेलासाठी हे किडे गोळा करून विकले जातात, म्हणून ते कोणत्या शेतात, कोणत्या बांधावर निघाले, हे चित्राबरोबर लिहीत जाऊ नका.

रातपतंग

पाणकातळ यांच्या म्हणण्याचा आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. काहीही हलवायचे नाही, कशालाही आकर्षित करायचे नाही, हा नियम जसाच्या तसा लावला तर निशाचर पतंगांची नोंदच होणार नाही. पांढरा पडदा लावून त्यावर दिवा सोडल्याशिवाय रात्री उडणाऱ्या बहुसंख्य जाती दिसतच नाहीत, आणि एखाद्या अभयारण्यात कोणते पतंग आहेत हेच माहीत नसेल तर त्यांच्यासाठी तिथे काय राखायचे हेही कळणार नाही. दगड उलटल्याशिवाय विंचू आणि घोण यांचेही तसेच. अभ्यासासाठी थोडा हस्तक्षेप करावा लागतो, हे मान्य करायला हवे.

परंतु तो कसा करावा याची शिस्त आहे, आणि ती छायाचित्रकारांनी अभ्यासकांइतकीच पाळावी. पडदा लावण्याची वेगळी लेखी परवानगी वनविभागाकडून घ्यावी. पर्यटनाच्या तिकिटात ती येत नाही. दिवा रात्रभर जळत ठेवू नये. मी बाराच्या सुमारास बंद करतो, म्हणजे आलेल्या पतंगांना उरलेली रात्र खाण्यासाठी आणि जोडीदार शोधण्यासाठी मिळते. पडदा पहाटेपर्यंत तसाच राहिला तर उजाडता उजाडता कोतवाल आणि बुलबुल येऊन पडद्यावरचे पतंग एकामागून एक टिपतात. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिले आणि तेव्हापासून दिवा मालवल्यावर कापड हलक्या हाताने झुडपांजवळ झटकून घेतो. उलटलेला दगड होता त्याच खाचेत, होता त्याच बाजूने परत ठेवावा, आणि त्याखालचा जीव आधी बाजूला सरकू द्यावा, म्हणजे तो चिरडला जात नाही.

काजव्यांच्या बाबतीत मात्र मी पाणकातळ यांच्यापेक्षाही कडक आहे. मेच्या अखेरीस आणि जूनच्या पूर्वार्धात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, भंडारदऱ्याच्या आसपास, सादडा, हिरडा, बेहडा अशा झाडांवर काजवे एकाच लयीत उजळतात. तो उजेड म्हणजे नर आणि मादी यांचे संभाषण आहे. गाडीचे दिवे, भ्रमणध्वनीची विजेरी आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश त्या संभाषणात आडवे येतात, आणि अशा रात्री त्यांना वर्षभरात फारशा मिळत नाहीत. फ्लॅशने काजव्याचा प्रकाश चित्रात येतही नाही, तो फक्त बुजतो. ट्रायपॉड, लांब एक्स्पोजर आणि लाल कागद लावलेली मंद विजेरी एवढेच न्यावे, तीही खाली जमिनीकडे धरावी. माद्या अनेकदा गवतात असतात, म्हणून झाडाखाली शिरू नये, वाटेवरूनच काढावे. आणखी एक आग्रह आहे : तीस-तीस सेकंदांची पन्नास चित्रे एकावर एक रचून जे झगमगते चित्र तयार होते, त्याखाली ते तसे रचले आहे हे लिहावे. ते न लिहिल्यामुळे लोक तेवढे काजवे पाहायला गाड्या घेऊन येतात.

पाणकातळ

रातपतंग, परवानगी घेऊन आणि वेळ पाळून केलेल्या नोंदीला माझा विरोध नाही. माझे म्हणणे हौशी सहलींपुरते होते, ते मी स्पष्ट लिहायला हवे होते. दगडाविषयी मात्र एक सांगते. अभ्यासक एका दिवसात ठराविक दगड उलटतो आणि नोंद ठेवतो. चार गट एकाच पायवाटेवर एका सुट्टीच्या दिवशी येतात तेव्हा तोच दगड चार वेळा उलटला जातो, आणि त्याखालची ओल संध्याकाळपर्यंत वाळते. म्हणून गटाबरोबर असताना मी एकही दगड उलटू देत नाही.

करवंदजाळी

सर्वांचे मनापासून आभार. गट घेऊन गेलेल्या गृहस्थांना मी कायद्यातील कलमांसह पत्र लिहिले आहे. त्यांचे उत्तर आले की कळवीन. पुढच्या सहलीला मी त्यांच्याबरोबर जाणार नाही.

गेल्या शनिवारी सकाळी सातला कर्नाळा अभयारण्यात एकटीच गेले. ते लहान आहे, जेमतेम बारा चौरस किलोमीटरचे, पण मी त्यातल्या पाऊणशे पावलांच्या पुढे गेलेच नाही. एका पांढऱ्या फुलावर मधमाशी बसलेली दिसली, आणि मी गुडघ्यावर आले, कॅमेरा तिच्या अंगाला समांतर आणला, तरी ती हलेना. मग लक्षात आले की ती बसलेली नाही. फुलाच्याच रंगाचा खेकडा कोळी पाकळ्यांच्या आड होता आणि त्याने तिला मानेपाशी धरले होते. त्याचे पुढचे चार पाय दोन्ही बाजूंना पसरलेले, अगदी पाकळ्यांसारखे. मी सव्वा तास तिथे होते. एफ/११, १/१६०, आयएसओ ४००, प्रमाण अंदाजे निम्मे, आणि टाचणी यांनी सांगितल्याप्रमाणे बटर पेपरचा डिफ्यूझर. पुढे एक गवताचे पाते आडवे येत होते. ते डाव्या हाताच्या बोटाने बाजूला धरले आणि नंतर सोडले. एकूण नऊ चित्रे काढली, त्यांतली सहा ठेवली आहेत. मागे हिरवे पान आले आहे, काळोख नाही.

घरी मोठे करून पाहिल्यावर एक गोष्ट दिसली जी तिथे दिसली नव्हती. मधमाशीच्या पोटावर आणि पायांच्या सांध्यांजवळ राळ्याच्या दाण्याएवढ्या पाच काळ्या माश्या बसल्या आहेत. पहिल्या चित्रात एकही नाही, तिसऱ्यात दोन आहेत, नवव्यात पाच. त्या कोळ्याची पिल्ले नाहीत, कारण पंख स्पष्ट दिसतात. त्या तिथे काय करत असाव्यात?

टाचणी

वर्णनावरून त्या मिलिचिडी कुळातील माश्या असाव्यात. कोळ्याने किंवा दुसऱ्या शिकारी कीटकाने मधमाशी पकडली की तिच्या शरीरातून सुटणाऱ्या वासाच्या मागावर या माश्या काही मिनिटांत येतात, आणि कोळी खात असताना त्याच भक्ष्याच्या जखमांतून पाझरणारा रस पितात. कोळी इतक्या लहान पाहुण्यांकडे बहुधा लक्ष देत नाही. पहिल्या, तिसऱ्या आणि नवव्या चित्रातला फरक म्हणजे तुम्ही त्यांचे येणेच टिपले आहे. ती तिन्ही चित्रे वेळेसह एकत्र ठेवा, आणि आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर चढवताना कोळी, मधमाशी आणि माशी यांच्या तीन वेगळ्या नोंदी करा. एकाच नोंदीत टाकल्या तर माश्या ओळखणाऱ्या अभ्यासकापर्यंत ते चित्र पोहोचत नाही. फुलाचे आणि पानाचे एखादे वेगळे चित्र काढले असेल तर तेही जोडा. पंखांच्या शिरा दिसतील असा नवव्या चित्रातला भाग कापून इथे टाकलात तर वंशापर्यंत जाता येते का ते पाहू.